साठ नंबरची दाढ

सकाळी भाजलेल्या पावाचा कडक काठ चुकून डाव्या बाजूला गेला आणि माझी दुधाची दाढ हलली. मी एक्केचाळीस वर्षांची आहे. ऐकणाऱ्याला हसू येईल, आणि दुसऱ्या कोणाच्या तोंडात मी ही दाढ पाहिली असती तर दहा विद्यार्थ्यांना बोलावून दाखवली असती. डावीकडे खाली, दोन थोराड दाढांच्या मधे दबून बसलेली, बुटकी, झिजून सपाट झालेली. तिच्याखाली पक्का दात कधी तयारच झाला नाही, म्हणून ती पडली नाही. चौतीस वर्षं मी उजव्या बाजूने जेवते आहे. आज आई समोर बसून कवळीचं रडगाणं गात होती, मी चिडले, आणि चिडले म्हणून विसरले. "तीन महिने झाले सांगतेय, इथे टोचतं म्हणून," कवळी हातात धरून आई म्हणत होती, "जगाच्या पोरांचे दात बघायला वेळ आहे तुला." "बघते संध्याकाळी," मी म्हटलं आणि चावले. आवाज झाला नाही. दुखलंही नाही. इतकी वर्षं गप्प असलेली जागा फक्त जराशी सरकली. घास न गिळता मी तशीच बसून राहिले. "काय झालं गं?" "काही नाही." तिला कळलं असतं तर लगेच जुना पाढा सुरू झाला असता, "मी सांगत होते, वेळेवर टोपी बसवून घे दाढेला," आणि तिच्या आवाजात थोडा आनंदही असता, कारण घरात दात गेलेली ती आता एकटी राहिली नसती. आईबद्दल असं मनात येऊ नये. पण येतं, आणि आल्यावर मी ते परतवून लावत नाही.

आरशासमोर उभी राहून मी जिभेने दाढ ढकलली. हलली. पुन्हा ढकलली. मुलांना मी दिवसातून वीस वेळा बजावते, जीभ लावू नकोस म्हणून, आणि आता माझीच जीभ तिथून हटायला तयार नव्हती. किंचित खारट, रक्ताची चव आली. हीच चव तोंडात घेऊन सातव्या वर्षी मी एका म्हाताऱ्या डॉक्टरांच्या खुर्चीत बसले होते. त्यांच्या कानांतून केस बाहेर आले होते आणि बोटांना लवंगेच्या तेलाचा वास होता. दाढ किडून आतली नस सडली होती. आईने माझे दोन्ही हात धरले होते. मला वाटलं मायेने धरलेत. सुई आत गेल्यावर कळलं की मी उठून पळू नये म्हणून धरलेत. "काही दुखत नाही," आई म्हणत होती. कोणाला दुखत नाही ते तिने सांगितलं नाही. डॉक्टर मात्र खोटं बोलले नाहीत. "दुखणार आहे," ते म्हणाले, "मी दहापर्यंत मोजीन, मग थांबेन," आणि खरोखर दहाला थांबले. सगळं झाल्यावर त्यांनी एक्स-रेची इवलीशी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि आईला नाही, मला म्हणाले, "हे बघ बाळ. या सगळ्यांच्या खाली एकेक पक्का दात वाट बघत बसलाय. हिच्याखाली कोणी नाही. ही गेली की गेली. म्हणून हिच्यात जन्मभर टिकेल असं औषध भरलंय मी. जपशील?" मी मान हलवली. सात वर्षांच्या मुलीला असं काही विचारायचं नसतं. वर्गातल्या मुली पडलेले दात कागदात गुंडाळून आणायच्या, तोंडातली खिंडारं दाखवत खिदळायच्या, आणि मी मधल्या सुट्टीत उजवीकडून चावत एका कोपऱ्यात बसायचे. कोणी धक्का दिला तर बाकीच्या मुली हात पुढे करायच्या, मी आधी गाल धरायचे. पुढे लग्न झालं, मूल झालं नाही, लग्न मोडलं. मोडायच्या आधी एकदा सासूबाईंनी पाहुण्यांसमोर मला ऐकवलं की आमच्या घराला आता पुढे कोणी नाही, तेव्हा सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते आणि माझी जीभ आपसूक त्या दाढेवर जाऊन बसली होती. खरं सांगावं म्हणतात. मला सांगितलं होतं. त्याने माझं काय भलं झालं हे मी अजून शोधते आहे.

मी मुलांच्या दातांची डॉक्टर झाले ते त्या म्हाताऱ्यामुळे, असं नोकरीच्या मुलाखतीत सांगायचे, ऐकणाऱ्यांना आवडायचं. आमच्या रुग्णालयातल्या मुलांच्या विभागात भिंतीवर दात घासणारी मगर रंगवली आहे आणि तिचे दात मोजले तर जास्त भरतात. पंधरा वर्षं मी तिथे हंगामी आहे. दर अकरा महिन्यांनी एक दिवसाची फट ठेवून मला नवं पत्र मिळतं, आणि त्या एका दिवशी मी कोणीच नसते. पुढच्या महिन्यात एक कायमची जागा भरणार आहेत आणि ती मिळायची तर हातात पूर्ण झालेलं संशोधन हवं. आमचं संशोधन म्हटलं तर साधं आहे. किडलेल्या दुधाच्या दाढेतली नस काढायची, मुळांच्या नळ्या साफ करायच्या आणि त्यांत पेस्ट भरायची. दुधाच्या दाढेची मुळं पक्का दात वर येताना विरघळत जातात, म्हणून पेस्टही विरघळणारी लागते. साठ मुलांच्या साठ दाढा. तिसांत जुनी पेस्ट, तिसांत आमच्या सरांनी तयार केलेली नवी. कोणाला कुठली ते बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवणार, आणि दोन वर्षांनी बघायचं, किती टिकल्या. शिवाय प्रत्येक वेळी मुलापुढे चेहऱ्यांचं कार्ड धरायचं. त्यावर पाच चेहरे आहेत. पहिला खदखदून हसणारा, पाचव्याच्या गालांवरून पाण्याच्या धारा. विचारायचं वाक्यही ठरलेलं आहे: तुला आत्ता कसं वाटतंय, त्या चेहऱ्यावर बोट ठेव. मी ते वाक्य विचारते, पण आधी म्हणते, "अगं बाई, इतकी शूर मुलगी मी अजून पाहिली नव्हती!" नुकतंच शूर ठरलेलं पोर पाचव्या चेहऱ्यावर बोट ठेवत नाही. हे मला कोणी शिकवलं नाही. नोंदवहीत पहिल्या-दुसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली तेव्हा सर म्हणाले, "तुझ्या हाताला गुण आहे," आणि मी लाजल्यासारखं केलं.

फक्त साठ नंबरने ऐकलं नाही. तिला नाव आहे, पण माझ्या डोक्यात ती साठच आहे. दोन वर्षांपूर्वी आली तेव्हा सहा वर्षांची होती, दोन वेण्या, एका मोज्याचं रबर सैल. एकोणसाठ झाले होते आणि संशोधनात मुलं घेण्याची मुदत संपायला दोन दिवस उरले होते. तिची आई कपड्यांच्या कारखान्यात शिलाईला. अर्धा दिवस पगार कापून घेऊन आली होती. मी एक्स-रे पाहिला. डावी खालची दुधाची दाढ, आणि तिच्याखाली कोणी नाही. उजवीकडे पक्क्या दाताचा अंकुर स्वच्छ दिसत होता, गोल, पांढरा. डावीकडे नुसतं हाड. माझाच जुना एक्स-रे कोणीतरी समोर धरला आहे असं वाटलं. आमच्या नियमांत स्पष्ट लिहिलं होतं, खाली अंकुर नसेल तर ते मूल घ्यायचं नाही. कारण ती दाढ जन्माची, तिच्यात विरघळणारी पेस्ट घालून कसं चालेल? तिला त्या म्हाताऱ्याचं औषध हवं. मी फिल्म घेऊन सरांकडे गेले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "कधीकधी उशिरा दिसतो अंकुर," ते म्हणाले. "उशिरा दिसतो, पण सर, दुसरीकडे तर..." "तुला साठावी दुसरी मिळणार आहे का परवापर्यंत?" मी परत आले आणि पाकीट फोडलं. सरांची पेस्ट. मी नळ्या साफ केल्या, पेस्ट भरली. मग कार्ड धरलं. "अगं बाई, इतकी शूर मुलगी!" साठने पाचव्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. "नीट बघून सांग हं." तिने नीट बघितलं आणि पुन्हा पाचव्यावर ठेवलं. मी म्हटलं, दाताला झोपवायचं औषध दिलंय ना, मग दुखेल कसं? तिची आई ओशाळली. "मॅडम विचारतायत ना, नीट सांग की गं." तेव्हा तिने माझ्याकडे बघून विचारलं, "कुठला बरोबर आहे?" मी माझं बोट दुसऱ्या चेहऱ्यापाशी नुसतं टेकवलं. तिने आपलं बोट माझ्या बोटाशेजारी ठेवलं आणि मी नोंदवहीत दोन लिहिलं.

आज साठची शेवटची तपासणी होती. मी दाढेला जीभ लावतच विभागात शिरले, तोंडाला मास्क लावला, आणि मास्कच्या आड जिभेला मोकळं रान मिळालं. ती खुर्चीत बसली होती, आठ वर्षांची, उंच झालेली, वरचे पुढचे दात नवे, करवतीसारख्या काठांचे. "दुखतं का कधी?" "नाही," ती लगेच म्हणाली. आई म्हणाली, "कधीच म्हणत नाही हो ती दुखतं म्हणून. पण रविवारपासून त्या बाजूने खात नाही." मी ओठ बाजूला केला. हिरडीवर पिवळट फोड होता, दाबला तर पू आला, आणि तिने डोळे गच्च मिटून हसल्यासारखं तोंड केलं. एक्स-रेमध्ये पेस्टचा मागमूस नव्हता, मुळांभोवतीचं हाड खाल्लं गेलं होतं, उजवीकडे पक्का दात निम्मा तयार झाला होता आणि डावीकडे दोन वर्षांनंतरही कोणी आलं नव्हतं. आता उशिराचं कारण सांगायलाही वाव उरला नव्हता. संख्याशास्त्राच्या बाई गेल्या आठवड्यात म्हणाल्या होत्या की जुन्या पेस्टच्या दहा दाढा वाया गेल्या, नवीच्या दोन. तिसरी गेली तर हा फरक निव्वळ योगायोग असू शकतो असं लिहावं लागेल. बाई हे सांगताना सफरचंद खात होत्या. मी एक्स-रे घेऊन पुन्हा त्याच दारातून सरांकडे गेले, आणि जाताना मला स्वतःची गंमत वाटली, कारण ते काय म्हणतील हे मला माहीत होतं आणि ते मला त्यांच्याच तोंडून ऐकायचं होतं.

"आज ती आलीच नाही असं धर," सर म्हणाले. "ती खुर्चीत बसलीये, सर." "मी कागदाबद्दल बोलतोय. दोन-तीन जण शेवटच्या वेळेला येत नाहीतच. गाव बदलतात, फोन बदलतात." मी म्हटलं, दाढ उघडून परत साफ केली आणि कायमचं औषध भरलं तर वाचू शकेल. शंभर टक्के नाही. निम्मी शक्यता. खाली कोणी नाही, म्हणून प्रयत्न करायला हवा. सरांनी एक्स-रे माझ्याकडे परत सरकवला. ते वाईट नाहीत. घटस्फोटाच्या वेळी सहा महिने त्यांनी मला सकाळची पाळी दिली होती. "वाचेलही," ते म्हणाले. "पण त्याला चार खेपा. चार नोंदी. मग कोणीतरी विचारणार, कायमचं औषध का? मग कोणीतरी दोन वर्षांपूर्वीचा एक्स-रे काढणार. तिला संशोधनात घेतल्याच्या फॉर्मवर सही कोणाची आहे?" "माझी." "तेच म्हणतोय मी. माझं काय, वर्षभराने घरी जाईन." त्यांनी चष्मा पुन्हा नाकावर घेतला. "काढून टाक. साध्या चिठ्ठीवर. रोज वीस निघतात तशी एकविसावी." मला राग यायला हवा होता. मला हायसं वाटलं, जीव भांड्यात पडला, आणि वर एक समाधान की मी विचारून तरी पाहिलं. जिन्यात थांबून मी दाढ ढकलली. आता ती दोन्ही बाजूंना जात होती. मला तो म्हातारा आठवला, दहापर्यंत मोजणारा, आणि मनातल्या मनात मी त्याच्याशी भांडले: तुम्ही मला खरं सांगितलंत आणि मी चौतीस वर्षं एका बुटक्या दाढेची राखण करत बसले. या पोरीला मी मोकळी सोडते आहे. हे अगदी पटण्यासारखं वाटत होतं. तळमजल्यापर्यंत पटत होतं.

साठच्या आईला मी म्हटलं, "दाढेची वेळ झालीये. काढून टाकू, म्हणजे खालच्या दाताला वाट मिळेल." हे वाक्य मी वर्षाला पाचशे वेळा खरं म्हणून बोलते, त्यामुळे ते खोटं म्हणतानाही अडखळलं नाही. "नवा येईल ना पण?" "येईल ना." "कधीपर्यंत?" "प्रत्येकाचं वेगळं असतं हो. दोन वर्षं, तीन वर्षं." साठचा चेहरा फुलला. मी इंजेक्शन दिलं, चिमटा तिला दिसणार नाही असा खालून आणला, गाल दोन बोटांनी धरला. सिस्टर तिचे हात धरायला पुढे झाल्या. "नको," मुलगी म्हणाली, "मी हलत नाही," आणि खरंच हलली नाही. वाचायची निम्मी शक्यता असलेली दाढ सहज येत नसते. ती आली नाही. मला मनगट फिरवून जोर लावावा लागला, हाड करकरलं, आणि जोर लावताना मी दात आवळले तशी माझी दाढ हिरडीत रुतून कळ डोक्यात गेली. दोघींपैकी कोणी ओरडलं असतं तर मीच. कापूस चावायला देऊन मी दाढ छोट्या डबीत टाकली. मुलं घरी नेतात. आईने डबी उजेडाकडे धरली आणि बराच वेळ बघितलं. शिवणकाम करणाऱ्या बाईची नजर. "मॅडम, हिला मुळं आहेत अजून. आधीचे पडले त्यांना नव्हती मुळं. नुसत्या टोप्या होत्या." मी हातमोजे काढत होते. ते काढायला हवा तेवढा वेळ लागत नाही. "ते आपोआप पडले ना," मी म्हटलं, "ही आपण काढली." "अस्सं," ती म्हणाली. मग म्हणाली, "आमच्या शेजारणीच्या मुलाला तार बसवली होती, नव्या दाताची जागा राखायला." कोणासाठी राखायची जागा? "पुढे बघू," मी म्हटलं. तिने दोन्ही हात जोडले, डबी त्या हातांतच होती, आणि म्हणाली, "तुम्ही होतात म्हणून बरं झालं, मॅडम. ही दुसऱ्या कोणाकडे तोंड उघडत नाही." मी मान हलवली, आणि माझी अशी इच्छा झाली की या बाईने एकदा तरी माझ्या कानाखाली वाजवावी.

टेबलावर नोंदवही उघडी होती. साठ नंबरच्या शेवटच्या रकान्यात मी लिहिलं: संपर्क झाला नाही. शाई ओली असताना ती समोर बसून पाय हलवत होती. सवयीने मी कार्ड उचललं आणि तिच्यापुढे धरलं. कागदावर ती आलेलीच नव्हती, बोट कुठेही ठेवलं असतं तरी लिहायला जागा नव्हती; पाचव्यावर ठेवलं असतं तर मी हसले असते कदाचित, कदाचित तिचा हातही धरला असता. मी काही म्हणायच्या आत तिने पहिल्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. कापूस चावत, रक्ताळलेल्या ओठांनी बोबडं बोलत म्हणाली, "हाच बरोबर आहे ना?" मी मास्क खाली ओढला. घाम आला होता. ती माझ्या गालाकडे टक लावून बघायला लागली. "डॉक्टरमावशी, तुम्ही गालात काय हलवताय?" "काही नाही." "दात हलतोय तुमचा?" लहान मुलांना हे कळतं, जीभ कशी जाते ते त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसतं. "हो," मी म्हटलं. ही मी तिला सांगितलेली पहिली खरी गोष्ट. तिला मनापासून आनंद झाला. "मग तुमचापण नवा येणार! आपण दोघी रोज बघायचं. जिचा आधी येईल तिने सांगायचं." आई म्हणाली, "चल गं, मॅडमना कामं असतात." पण तिने माझ्या हातातून कार्ड घेतलं, उलटं करून माझ्याकडे वळवलं आणि माझ्याच आवाजात, माझ्यासारखीच मान तिरकी करून म्हणाली, "अगं बाई, किती शूर! आता तुम्हाला कसं वाटतंय, त्या चेहऱ्यावर बोट ठेवा." पाचही चेहरे माझ्यासमोर होते. मुलांच्या बाजूने ते इतके मोठे दिसतात हे मला माहीत नव्हतं. दाढेतून रक्त येत होतं, ते मी गिळलं, आणि पहिल्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. तिने बोटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "नीट बघून सांगा हं," ती म्हणाली. मी बोट उचललं नाही. मग सिस्टरला पुढच्या मुलाला आत घ्यायला सांगितलं.